अमेरिकेतल्या कॉलेजकन्यांचा फुटबॉल

आपल्याकडे दिवाळीचे दिवस येतात, खळ्यावर नवे धान्य पडू लागते, त्याच सुमारास अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांत मुलींच्या फुटबॉल संघांची एक निराळीच धांदल चालू असते. ऑगस्टात सुरू झालेला हंगाम संपत आलेला असतो. गुरुवारी एक सामना, रविवारी एक सामना, मधल्या दिवसांत वर्ग आणि सराव, अशा रीतीने सतरा-अठरा सामने खेळून झालेले असतात. कुणाचा गुडघा बांधलेला, कुणाच्या पोटरीत गोळा. आणि आता समोर उभी राहते ती कॉन्फरन्सची स्पर्धा. आठवडा-दीड आठवड्यात दोन, फार तर तीन-चार सामने. हरलात की घरी. या थोड्या दिवसांत असे काय ठरते की ज्यासाठी विशीच्या आतबाहेरच्या मुली जिवाचे रान करतात, ते आज पाहू.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, पायाने खेळायचा, गोल चेंडूचा, कोल्हापूरच्या पेठांनी ज्याचे वेड घेतले आहे तोच, त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. त्यांचा स्वतःचा फुटबॉल निराळा, तो अंड्याच्या आकाराच्या चेंडूने आणि बराचसा हातांनी खेळतात! आपण इथे फुटबॉलच म्हणू. अकरा-अकरा खेळाडू, पंचेचाळीस मिनिटांची दोन सत्रे, सारे तेच. कॉलेजच्या खेळात काही बारीक फरक आहेत. एक म्हणजे मैदानावरचे घड्याळ उलटे चालते. पंचेचाळीसवरून खाली येत येत शून्यावर थांबते. त्यामुळे शेवटची दहा सेकंदे साऱ्या प्रेक्षकांना दिसत असतात. दुसरा फरक असा की बाहेर बसवलेली खेळाडू काही मर्यादेत पुन्हा आत येऊ शकते.

आता ही कॉन्फरन्स म्हणजे काय? शब्द ऐकून वाटेल की टेबलाभोवती बसून भाषणे चालली आहेत. तसे नव्हे. आपल्या एखाद्या भागातल्या शाळांनी एकत्र येऊन गट करावा, दरवर्षी आपापसात खेळायचे ठरवावे, नियम, पंच, तारखा साऱ्यांनी मिळून ठरवाव्या, तसा हा कॉलेजांचा गट. अमेरिकेत वरच्या श्रेणीत मुलींचे सुमारे साडेतीनशे संघ आहेत आणि ते असल्या तीसएक गटांत वाटलेले आहेत. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स हा त्यांतला एक नामांकित गट. १९५३ साली उत्तर कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरो शहरी सात कॉलेजांनी तो स्थापला. नाव अटलांटिकच्या किनाऱ्याचे, पण २०२४ साली त्यात पॅसिफिक किनाऱ्यावरची स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे येऊन मिळाली. आता एका 'शेजारधर्माच्या' सामन्यासाठी मुलींना सुमारे चार हजार किलोमीटरचा विमानप्रवास करावा लागतो. दूरचित्रवाणीच्या पैशाने भूगोलही बदलतो तो असा.

गटात आधी साखळी पद्धतीने सामने होतात. साखळी संपली की गुणांप्रमाणे क्रम लागतो आणि वरचे संघ, कुठे सहा, कुठे आठ, बाद पद्धतीच्या स्पर्धेत जातात. पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाला बहुतेक ठिकाणी पुढे चाल मिळते. म्हणजे पहिली फेरी न खेळता ते थेट उपांत्य सामन्यात. ही झाली कॉन्फरन्सची स्पर्धा.

तुम्ही म्हणाल, मग यात एवढे काय? तर खरी गोम पुढे आहे. या स्पर्धेच्या मागे राष्ट्रीय स्पर्धा उभी असते. तिच्यात चौसष्ट जागा. गटाची स्पर्धा जो संघ जिंकेल त्याला तिथे थेट प्रवेश. कुणाचा वशिला नको, शिफारस नको. अशा सुमारे तीस जागा भरतात. उरलेल्या जागा एक निवड समिती भरते. समितीने अनेक वर्षे त्यासाठी एक गणित वापरले. तुम्ही स्वतः किती सामने जिंकलात याला पाव वजन, तुमचे प्रतिस्पर्धी किती जिंकले याला अर्धे वजन, आणि त्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रतिस्पर्धी किती जिंकले याला उरलेले पाव. सोयरीक जुळवताना आपण मुलगा पाहतो, पण त्याहून अधिक त्याचे सोयरे पाहतो आणि सोयऱ्यांचे सोयरेही विचारतो, त्यातलाच हा प्रकार.

आता पाहा, मोठ्या गटातला संघ गटस्पर्धेत पहिल्याच दिवशी हरला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. त्याचे प्रतिस्पर्धी सगळे तगडे, गणित त्याच्या बाजूचे, समिती त्याला बोलावतेच. पण डोंगराळ मुलखातल्या लहानशा कॉलेजचा संघ घ्या. त्याने साखळीत एकही सामना गमावला नाही असे समजा. तरी त्याचे प्रतिस्पर्धी लहान, म्हणून गणितात तो मागे. त्याला राष्ट्रीय मैदानावर जायला एकच दार, गटाची स्पर्धा जिंकणे. अंतिम सामन्यात पाऊस पडला, चेंडू चिखलात अडला, एक गोल खाल्ला, की अडीच महिन्यांची सारी कमाई त्या एका दुपारी जाते. साखळीत चौथा आलेला संघ मात्र नाचत पुढे जातो.

हे न्यायाचे आहे का? अमेरिकेतही यावर वाद आहे. हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरे जुन्या विद्यापीठांचा जो आयव्ही गट, त्याने फार दिवस फुटबॉलमध्ये अशी स्पर्धा घेतलीच नव्हती. साखळीत पहिला आला तोच राष्ट्रीय स्पर्धेत जाणार, हा त्यांचा शिरस्ता. २०२३ पासून मात्र त्यांनीही चार संघांची स्पर्धा सुरू केली. माझे मत विचाराल तर खरा पारखणारा निकाल साखळीचाच. वर्षभराच्या अभ्यासाचे मोल एका तोंडी परीक्षेने ठरवू नये, हे शिक्षक मंडळींना सांगायला नको. पण दुसरी बाजूही आहे. साखळीच ठेवली तर सप्टेंबरात चार सामने हरलेल्या संघाला ऑक्टोबरात मैदानावर उतरायला कारण काय उरते? बाद फेरी आहे म्हणून सहाव्या-आठव्या क्रमांकासाठीही शेवटच्या दिवसापर्यंत धडपड चालते. आणि खरे सांगायचे तर गर्दीही तिलाच होते.

हा सगळा थाट आज दिसतो खरा, पण पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी यातले जवळजवळ काहीच नव्हते. १९७१-७२ साली अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांत खेळणारे मुलगे छत्तीस लाखांवर होते आणि मुली तीन लाखांहून कमी. मुलींच्या शालेय फुटबॉलची त्या वर्षीची नोंद आहे अवघ्या सातशे जणींची. एवढ्या मोठ्या देशात सातशे! मैदान मुलग्यांचे खेळून झाल्यावर मिळायचे, गणवेशाच्या पैशासाठी मुलींनी घरी केक भाजून विकायचे, ही तेव्हाची रीत. श्रीमंत देश म्हणून तिथे मुलींना सारे आपसूक मिळाले, अशी आपली एक समजूत असते. ती खरी नाही.

मग झाले काय? १९७२ च्या शिक्षणविषयक कायद्यात एक कलम घातले गेले. त्याला तिथे टायटल नाइन, म्हणजे नववे प्रकरण म्हणतात. मूळ इंग्रजीत ते अवघे सदतीस शब्दांचे वाक्य आहे. आशय असा की, सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणकार्यात केवळ स्त्री किंवा पुरुष म्हणून कुणाला वगळता येणार नाही. गंमत अशी की या सदतीस शब्दांत 'खेळ' हा शब्दच नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होते ते वैद्यकीय आणि कायद्याच्या महाविद्यालयांतले प्रवेश. त्यांतल्या एक, हवाई बेटांच्या प्रतिनिधी पॅट्सी मिंक, यांना स्वतःला डॉक्टर व्हायचे होते. एकाही वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना घेतले नाही, म्हणून त्या वकिलीकडे वळल्या. ओरेगॉनच्या ईडिथ ग्रीन आणि सिनेटमधले बर्च बाय यांनी हे कलम लावून धरले. २३ जून १९७२ रोजी अध्यक्ष निक्सन यांची त्यावर सही झाली.

कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी मैदाने मिळाली असे नव्हे हं. खेळांना हे कलम कसे लावायचे याचे नियम यायला १९७५ उजाडले. ते पाळायला कॉलेजांना १९७८ पर्यंत मुदत मिळाली. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ असा आवळला की, ज्या खात्याला सरकारी पैसा जातो तेवढ्यालाच ते लागू. खेळाच्या खात्याला पैसा जात नसेल तर ते मोकळे. मार्च १९८८ मध्ये तिथल्या संसदेने अध्यक्ष रेगन यांचा नकार डावलून नवा कायदा केला आणि साऱ्या संस्थेला ते पुन्हा लागू झाले. म्हणजे सोळा वर्षे ही ओढाताण चालली होती. ज्या मुली १९७२ साली शाळेत होत्या, त्या तोवर आया झाल्या होत्या.

या ओढाताणीतच संघ उभे राहत होते. उत्तर कॅरोलायना विद्यापीठात मुलींचा अधिकृत संघ १९७९ साली सुरू झाला. अॅन्सन डोरन्स नावाचे शिक्षक तेव्हा मुलांच्या संघाला शिकवत. मुलींचा संघही त्यांच्याकडे आला आणि १९८८ पर्यंत त्यांनी दोन्ही सांभाळले. १९८२ साली कॉलेजांच्या मोठ्या राष्ट्रीय संघटनेने मुलींची पहिली फुटबॉल स्पर्धा भरवली, तेव्हा तिच्यात बारा संघ होते. उत्तर कॅरोलायनाच जिंकली. पुढे तर ती जिंकतच राहिली. डोरन्स २०२४ च्या ऑगस्टात निवृत्त झाले, तोवर या संघटनेची एकवीस राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या नावावर होती. १९९१ साली चीनमध्ये स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती जिंकणाऱ्या अमेरिकन संघाचे गुरुजीही तेच, आणि संघात त्यांच्याच विद्यार्थिनी कितीतरी.

पण आपला विषय गटस्पर्धेचा. तिची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. अटलांटिक गटाने मुलींची बाद स्पर्धा पहिल्यांदा घेतली ती १९८८ साली. उत्तर कॅरोलायनाचा संघ तेव्हा असा भरात होता की १९८६ पासून त्याला कुणी हरवलेच नव्हते. अंतिम सामना पडला शेजारच्याच नॉर्थ कॅरोलायना स्टेट या विद्यापीठाशी. दोन्ही विद्यापीठे एकाच राज्यातली, मोटारीने तासाभराच्याही आतली. शेजाऱ्यांची चुरस कशी असते ते आपल्याला ठाऊकच आहे. सामना बरोबरीत सुटला, पेनल्टीचे फटके झाले, आणि स्टेटच्या मुलींनी ढाल नेली.

आता इथे एक नियम समजून घेतला पाहिजे. बाद फेरीत वेळ संपून बरोबरी झाली तर आज दहा-दहा मिनिटांची दोन जादा सत्रे पूर्ण खेळवतात. २०२२ पूर्वी जादा वेळेत पहिला गोल झाला की सामना तिथेच संपत असे. जादा वेळेतही निकाल लागला नाही, तर बारा यार्डांवरून पाच-पाच फटके. समोर एकटी गोलरक्षक. पाचांतही बरोबरी राहिली तर एकेक फटका, कुणी चुकेपर्यंत. याने पुढे कोण जाणार ते ठरते. पण दप्तरात तो सामना बरोबरीचाच लिहिला जातो. फटक्यांत हरलेल्याची हार धरत नाहीत, जिंकलेल्याची जीत धरत नाहीत.

म्हणून झाले असे की ढाल गेली, तरी उत्तर कॅरोलायनाची अजिंक्य मालिका मोडली नाही. ती पुढे चालून १०३ सामन्यांची झाली आणि १९९० च्या सप्टेंबरात कनेटिकट विद्यापीठाने जादा वेळेत ३-२ असा सामना जिंकला तेव्हा कुठे थांबली. आणि १९८८ च्या त्याच हंगामात राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हेच दोन शेजारी पुन्हा समोरासमोर आले. या वेळी उत्तर कॅरोलायनाने ४-१ असा निकाल लावला. गटात हरलेले राष्ट्रात जिंकले. मोठ्या संघाला गटातली हार परवडते असे जे वर म्हटले, त्याचा हा नमुना.

लहान कॉलेजच्या मुलींना ही चैन नाही. त्यांच्या शिक्षकाला शेवटच्या आठवड्यात वेगळीच गणिते सोडवावी लागतात. पहिले गणित पायांचे. एवढ्या सामन्यांनंतर सराव वाढवून उपयोग नसतो, तो कमी करावा लागतो. चेंडू थोडा, झोप जास्त. दुसरे गणित पिवळ्या कार्डांचे. हंगामात पाच पिवळी कार्डे झाली की एक सामना बाहेर बसावे लागते. चार झालेल्या मध्यरक्षक मुलीला साखळीच्या शेवटच्या सामन्यात खेळवायचे की राखून ठेवायचे? खेळवली आणि पाचवे मिळाले तर बाद फेरीचा पहिलाच सामना हातचा गेला. राखून ठेवली आणि साखळीचा सामना हरलो तर क्रम खाली.

तिसरे गणित गुडघ्यांचे. हे जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या शाळांतल्या खेळशिक्षकांनाही ते कामाचे आहे. गुडघ्याच्या आत मांडीचे आणि नडगीचे हाड धरून ठेवणारा एक दोरीसारखा बंध असतो. धावताना एकदम वळले, किंवा उडी मारून चुकीचे उतरले, की तो तुटतो. फुटबॉलमध्ये मुलींचा हा बंध तुटण्याचे प्रमाण मुलांच्या दुपटीहून अधिक आढळले आहे. तुटला की शस्त्रक्रिया आणि बहुधा नऊ महिने मैदान बंद. यावर एक साधा उपाय आहे. सामन्याआधी आणि सरावाआधी वीस मिनिटे ठरावीक हालचाली: हळू धाव, एका पायावर तोल, बैठका, उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणे. जागतिक फुटबॉल संघटनेने 'इलेव्हन प्लस' नावाने हा क्रम बसवला आहे. नॉर्वेत शाळकरी वयाच्या मुलींवर तो करून पाहिला, तेव्हा गंभीर दुखापती स्पष्टपणे कमी झाल्या. याला ना यंत्र लागते ना पैसा. कबड्डी आणि खो-खोच्या मुलींनाही त्यातले पुष्कळ लागू पडेल.

पैशाचा विषय निघालाच तर, या मुली फुकट शिकतात असे समजू नका. २०२५ पर्यंत वरच्या श्रेणीत एका संघाला चौदा पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. संघात मुली पंचवीस-तीस. मग त्या शिष्यवृत्त्यांचे तुकडे करून वाटायचे, कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसता गणवेश. २०२५ साली न्यायालयातल्या तडजोडीने ही मर्यादा उठली. तडजोड मानणाऱ्या कॉलेजांना त्याऐवजी संघातल्या खेळाडूंच्या संख्येचे बंधन आले, अठ्ठावीस. श्रीमंत कॉलेजांना आता सर्वांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. गरीब कॉलेजे आहेत तिथेच आहेत.

आणि धंदा म्हणून खेळायला मिळेल अशा त्यांतल्या किती? तिन्ही श्रेणी मिळून अमेरिकेत मुलींचे एक हजाराहून अधिक कॉलेज-संघ आहेत. स्त्रियांचे वरच्या दर्जाचे व्यावसायिक संघ मात्र त्या मानाने मूठभरच. म्हणजे चौथ्या वर्षाच्या बहुतेक मुलींचा खेळ कॉलेजातच संपतो. कुणी परिचारिका होते, कुणी शिक्षिका, कुणी हिशेबनीस. गटस्पर्धेत हरणे याचा त्यांच्यापुरता अर्थ असा की, सहाव्या-सातव्या वर्षी पायाला लागलेला चेंडू त्या संध्याकाळी सुटला.

अमेरिकेच्या मुली आपल्या महाराष्ट्राच्या मैदानावरही येऊन गेल्या आहेत. २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा भारतात झाली, भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई या तीन ठिकाणी. भुवनेश्वरला अमेरिकेने आपल्या मुलींना ८-० असे हरवले. त्या अमेरिकन संघात भारतीय वंशाच्या वडिलांची एक मुलगीही होती. पुढे उपांत्यपूर्व सामन्यासाठी तो संघ नवी मुंबईत आला. नायजेरियाशी १-१ बरोबरी झाली, पेनल्टीचे फटके झाले आणि अमेरिका बाहेर पडली. दप्तरात तोही सामना बरोबरीचाच. त्या मुलींपैकी कित्येक नंतर कॉलेजांच्या संघांत गेल्या, आणि दर नोव्हेंबरात हीच कसोटी पुन्हा देत राहिल्या.

गटांचे अंतिम सामने बहुधा रविवारी उरकतात. सोमवारी दुपारी राष्ट्रीय स्पर्धेची यादी जाहीर होते. ज्या संघाने गट जिंकला त्याच्या मुली सभागृहात एकत्र बसतात. नाव येणार हे त्यांना ठाऊक असते, फक्त समोर कोण आणि प्रवास कुठवर, एवढेच ऐकायचे. मोठ्या गटातले हरलेले संघही बसतात, बोटे मोडत. लहान गटात अंतिम सामना हरलेल्या संघाला तिथे बसण्याचे कारण नसते. त्यांचा शिक्षक त्या वेळी गणवेश मोजून कपाटात ठेवत असतो, कारण पुढच्या वर्षी तेच कुणाला तरी द्यायचे असतात. यादीतल्या संघांची पहिली फेरी त्याच आठवड्याच्या अखेरीस सुरू होते.